गव्हाचा चीक आणि बाहुलीचं घर

जुनं बाहुलीघर घरी आणलं की निदान पंधरा दिवस त्याला हात लावू नये. धूळ झटकायची घाई नको, अडलेलं दार ओढून बघायला नको, ओलं फडकं तर नकोच नको. पुठ्ठ्याच्या मोठ्या खोक्यात तळाला काळा कागद अंथरावा आणि बाकीच्या लाकडी सामानापासून लांब ते नुसतं ठेवून द्यावं. लाकडात किडा जिवंत असेल तर काळ्या कागदावर पिठासारख्या भुशाच्या बारीक ढिगल्या दिसायला लागतात. ढिगल्या दिसल्या नाहीत तरी ते दिवस फुकट जात नाहीत. तेवढ्यात लाकूड नव्या घरच्या हवेला सरावतं, आणि आपल्या भागात या सरावण्याला फार किंमत आहे.

बेळगाव जिल्ह्याची हवा एक नाही. पश्चिमेला कणकुंबी-जांबोटीकडे पावसाळाभर भिंतींची ओल हटत नाही. पूर्वेला अथणी, रायबाग, गोकाककडे गेलं की जमीन, हवा, लाकूड सगळं कोरडं. बेळगाव शहर या दोन्हींच्या मधे सापडलेलं. अथणीच्या वाड्यात तीन पिढ्या कोरडं राहिलेलं फडताळ खानापुरात आणलं की त्याच्या फळ्या रुंदीत फुगतात. लांबीत लाकूड जवळपास हलत नाही, हलतं ते आडव्या अंगानं. म्हणून चारी बाजूंनी चुका मारून जखडलेली पाठीमागची फळी एक तर फुगून पोट काढते किंवा उन्हाळ्यात आक्रसून उभी फाटते. ही फट लांबी (पुट्टी) भरून बुजवली की पुढच्या आषाढात फळी पुन्हा फुगते. लांबी दबत नाही, मग शेजारची फळी फाटते. फट दिसायला वाईट असली तरी लाकडानं स्वतःसाठी करून घेतलेली ती जागा आहे. बहुतेक वेळा ती तशीच ठेवणं बरं.

इकडे जे मिळतं ते इंग्रजी पुस्तकांत दिसणाऱ्या बाहुलीघरांसारखं नसतं. पुढची भिंत दारासारखी उघडणारं, कौलारू छपराचं, परदेशी बनावटीचं घर बेळगावच्या कॅम्प भागातल्या जुन्या सामानात क्वचित दिसतं. आपल्याकडचं बाहुलीघर म्हणजे गावच्या सुतारानं केलेलं दोन-तीन खणांचं फडताळ. खाली सोपा (ओसरी) आणि सैपाकघर, वर माजघर किंवा देवघर, कधी एका कोपऱ्यात पाळण्यासाठी कडी. साग किंवा फणस असला तर नशीब. पुष्कळदा खोक्यांचं हलकं लाकूड आणि चहाच्या पेट्यांचं प्लायवूड असतं. आत भातुकली. सावंतवाडीची लाखेच्या रंगाची लाकडी बोळकी, पोळपाट-लाटणं, जातं, उखळ-मुसळ. गोकाकची रंगवलेली लाकडी फळं, भाज्या आणि माणसं. खानापूरकडच्या लाल मातीच्या चुली आणि घागरी. पितळेचे बंब आणि तपेल्या. आंबोलीचा घाट उतरला की सावंतवाडी आणि घटप्रभेच्या काठानं गेलं की गोकाक, त्यामुळे एकाच खणात कोकणचा पाट आणि देशावरचं वांगं शेजारी बसलेलं असतं. या सरमिसळीला धक्का लावू नये. संच ‘एकाच गावचा’ करायच्या हौसेपायी गोकाकचं वांगं वेगळं काढून विकलं की त्या घराची अर्धी ओळख जाते.

प्रमाणाचाही हट्ट नको. परदेशी संग्राहक १:१२ चं माप धरून बसतात, म्हणजे खऱ्या वस्तूचा एक फूट इथे एक इंच. राणी मेरीसाठी १९२१ ते १९२४ या काळात केलेलं बाहुलीघर याच मापाचं आहे, आज ते विंडसरच्या किल्ल्यात असतं. त्याचा वास्तुकार एडविन लट्यन्स, दिल्लीचं राष्ट्रपती भवन ज्यानं आखलं तोच. आपल्या भातुकलीत मात्र जातं पलंगाएवढं आणि मुसळ दारापेक्षा उंच. कातारी, म्हणजे लाकूड कातून खेळणी करणारा, वस्तू करायचा ती मुलीच्या मुठीत बसेल अशी, घराच्या दारात बसेल अशी नव्हे. हे त्याचं खरं माप. ‘मोठं दिसतं’ म्हणून जातं बदलणाऱ्यांना हे कळत नाही याचं वाईट वाटतं.

आता साफसफाई. आधी कोरडी, आणि पुष्कळदा तेवढीच पुरते. मऊ केसांचा रुंद कुंचला घ्यावा, व्हॅक्यूमच्या नळीच्या तोंडाला मच्छरदाणीची जाळी बांधावी, आणि कुंचल्यानं उडवलेली धूळ नळीनं हवेतच टिपावी. नळी वस्तूला टेकवायची नाही. जाळी यासाठी, की निखळलेला रंगाचा पापुद्रा किंवा चिमुकली खिट्टी नळीत गेली तर जाळीवर अडकते. त्यानंतर कानातल्या काडीएवढा कापसाचा बोळा डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवून टिपकागदावर पिळून घ्यावा आणि तळाच्या न दिसणाऱ्या जागी फिरवून बघावा. बोळ्यावर राखाडी मळ आला तर पुढे जावं. रंग आला तर तिथेच थांबावं. लाळ लावलेला बोळा साध्या पाण्यापेक्षा चांगलं काम करतो. संग्रहालयांतले तज्ज्ञही तो वापरतात, कारण लाळेतली विकरं चिकट मळ सोडवतात. मागाहून साध्या पाण्याचा बोळा फिरवून जागा टिपून घ्यायची एवढंच.

गोकाकच्या वस्तूला मात्र पाण्याचा बोळाही भीत भीत लावावा. आत हलकं लाकूड, त्यावर लेप, त्यावर पांढरा थर आणि मग रंग, अशी ती घडण. जुन्या वस्तूंत हा थर खळीत किंवा सरसात (जनावरांच्या कातडी-हाडांच्या गोंदात) कालवलेला असतो. पाणी एखाद्या बारीक भेगेतून आत शिरलं की थर खालून सुटतो. वरून काही दिसत नाही. दोन महिन्यांनी वांग्याचा जांभळा पापुद्रा कवचासारखा सुटून हातात येतो, आणि तोवर पाण्याचा कुणाला संशयही येत नाही. सुटायला लागलेल्या पापुद्र्याखाली मिथाइल सेल्युलोजचं (पाण्यात विरघळणाऱ्या सौम्य गोंदाचं) एक ते दोन टक्क्यांचं द्रावण बारीक कुंचल्यानं सोडावं, म्हणजे शंभर मिली पाण्याला एक ते दोन ग्रॅम. वर सिलिकॉनचा कागद ठेवून बोटानं हलकं दाबावं आणि रात्रभर वाळूची छोटी पुरचुंडी ठेवावी. फेव्हिकॉल इथे घालू नये. त्याचा थर वाळताना आक्रसतो आणि दुबळ्या रंगाला ओढतो.

काय पुसायचं नाही हे आधी ठरवून ठेवावं. भातुकलीच्या चुलीच्या तोंडाशी खरी काजळी असते. कुणीतरी कधीतरी आत काड्या पेटवून चार दाणे भात शिजवायचा प्रयत्न केलेला असतो. पाटाच्या मधोमध हळदीकुंकवाचे डाग असतात. फडताळाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं गिरवलेली अक्षरं सापडतात, इकडच्या घरांत कधी एका भिंतीवर मराठी तर दुसरीवर कन्नड. जात्याचा खुंटा एकाच बाजूनं झिजलेला असतो. ही झीज म्हणजे वस्तूचं वय आणि तिचा उपयोग. दुकानातली नवी भातुकली चार पैशांत येते, झिजलेला खुंटा कुठे विकत मिळत नाही. धूळ, जाळी, माश्यांचे ठिपके, बुरशी हे जाऊ द्यावं. काजळी, कुंकू, अक्षरं आणि झीज राहू द्यावी. आमचं सगळं म्हणणं या एका ओळीत आहे, पुढचे सगळे उपाय त्यासाठीच.

काळ्या कागदावर भुसा दिसला तर रॉकेल किंवा डिझेल चोपडायची रीत अजून चालू आहे. तिनं तेलरंग मऊ पडतो, लाकडावर कायमचे डाग येतात आणि आत खोल असलेल्या अळीपर्यंत काही पोचत नाही. साधं लाकूड, ज्यावर रंग नाही, ते प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करून डीप फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवता येतं. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस उघडायची नाही, नाहीतर थंड लाकडावर दव धरतं. लाख आणि गोकाकचा लेप मात्र थंडीनं तडकू शकतात, कारण लाकूड आणि लेप सारखे आक्रसत नाहीत. त्यांच्यासाठी प्राणवायू काढून घेण्याची रीत चांगली. खाद्यपदार्थांच्या पाकिटांत असतात त्या प्राणवायू शोषणाऱ्या पुड्या विकत मिळतात. हवेत प्राणवायू २१ टक्के, म्हणजे वीस लिटरच्या पिशवीत साधारण चार लिटर. १००० सीसीच्या चार पुड्या हिशेबानं पुरतात, पाचवी गळतीसाठी. पिशवी ॲल्युमिनियमचा थर असलेली हवी. साध्या प्लॅस्टिकमधून प्राणवायू हळूहळू आत झिरपत राहतो आणि पुड्या संपून जातात. पंचवीस अंशांच्या वर तपमान असताना तीन आठवडे ठेवावं. मार्च-एप्रिल याला उत्तम. थंडीत अळी सुस्त असते, तिला कमी प्राणवायू पुरतो आणि ती तग धरते.

आता या लेखाच्या नावातला चीक. फडताळाच्या आतल्या भिंतींना कागद डकवलेले असतात. कॅलेंडरचे तुकडे, घोटीव रंगीत कागद, कधी जुन्या वहीची पानं. ते कडांनी सुटतात, झुरळं खळ खातात, मधे फुगे येतात. डिंक आणि फेव्हिकॉल दोन्ही इथे वाईट. डिंक कोरड्या हवेत काचेसारखा तडकतो, फेव्हिकॉल पुन्हा सोडवता येत नाही. जगभरचे कागद-तज्ज्ञ यासाठी गव्हाच्या स्टार्चची खळ वापरतात. कुरडयांसाठी आपण काढतो तो चीक म्हणजे तेच स्टार्च. महागडी परदेशी पुडी मागवायची गरज नाही. गहू तीन दिवस भिजवावे, पाणी रोज बदलावं, वाटून फडक्यानं गाळावं, रात्रभर ठेवून वरचं पाणी अलगद ओतून द्यावं. तळाशी बसलेला पांढरा गोळा पुन्हा स्वच्छ पाण्यात कालवून, बसू देऊन, परत निथळावा. असं दोन-तीनदा केलं की आंबूस वास जातो. मग सावलीत ताटावर पसरून वाळवून पूड करून ठेवावी. कुरडयांसाठी शिजवून ठेवलेला चीक चालत नाही. त्यात मीठ असतं, ते हवेतली ओल ओढून घेतं.

खळ करताना एक चमचा कोरडा चीक, पाच चमचे डिस्टिल्ड वॉटर. तासभर भिजू द्यावं. जाड बुडाच्या पातेल्यात, किंवा पातेलं गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून, मंद आचेवर सतत ढवळत वीस-पंचवीस मिनिटं शिजवावं. आधी दुधासारखं असतं, मग एकदम घट्ट होतं, आणि नंतर पांढरेपणा जाऊन काचेसारखी झाक येते. घट्ट झालं म्हणून गॅस बंद करणारे इथे फसतात. कच्ची खळ चिकटते पण वाळल्यावर भुरभुरते. पूर्ण गार झाल्यावर बारीक जाळीच्या गाळणीतून दोनदा दाबून काढावी, म्हणजे एकही गुठळी राहत नाही. वापरताना पाणी घालून ताकाएवढी पातळ करावी. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकते. मैद्याची खळ सोपी वाटते, पण मैद्यात चिकाबरोबर प्रथिनंही असतात. ती पिवळी पडतात, आणि झुरळांना त्यांची भलती ओढ. जुने बायंडर खळीत मोरचूद घालत. किडा येत नसे हे खरं, पण मोरचूद कागदाला जाळतं. मोह टाळावा.

डकवताना सुटलेली कडा उचलून खळीचा अगदी पातळ हात द्यावा, कागद स्वतःच्या जागी येईपर्यंत थांबावं, वर टिपकागद आणि त्यावर काच किंवा गुळगुळीत फळी ठेवून दाब द्यावा. पहिल्या तासात टिपकागद दोनदा बदलावा. फाटलेल्या जागेला मागून जपानी टिश्यूची (लांब तंतूंच्या पातळ, चिवट कागदाची) बोटभर पट्टी लावावी, तिच्या कडा कात्रीनं न कापता पाण्याची रेघ ओढून फाडाव्या. फाडलेल्या कडेचे तंतू कागदात मिसळून जातात, कापलेली कडा पुढून उठून दिसते. पतंगाचा कागद स्वस्त म्हणून वापरू नये. त्याचा रंग फुटतो आणि भिंतीवरच्या लक्ष्मीच्या चेहऱ्यावर गुलाबी ओघळ येतात. फाटून गेलेला अर्धा चेहरा रंगवून पूर्ण करू नये. मागच्या टिश्यूला आजूबाजूच्या रंगाशी जुळेल अशी फिकट छटा देऊन सोडावं.

लाखेच्या वस्तूंना एकच शत्रू आधी ओळखावा, तो म्हणजे स्पिरिट. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. हाताला लावलेलं सॅनिटायझर पुरतं वाळलं नसताना बोळकं उचललं की त्यावर बोटांचे ठसे कायमचे उमटतात. याच गुणाचा ओळखण्यासाठी उपयोगही होतो. तळाच्या कडेला स्पिरिटचा जेमतेम ओला बोळा टेकवावा. रंग बोळ्यावर आला आणि जागा चिकट झाली तर ती लाख, नाही तर वरून मारलेला आधुनिक पॉलिश. वस्तूला अजिबात न दुखवता बघायचं असेल तर अंधारात ३६५ नॅनोमीटरचा अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारावा. जुनी लाख नारिंगी चमकते. बाजारात विकणारा ‘घ्या की ओ, जुनंच आहे’ म्हणाला तरी टॉर्च बरोबर असावा. मात्र नवीन वस्तूलाही खरी लाख असू शकते. वय बघायचं ते तळाच्या कातकामाच्या खुणांवरून, झिजेवरून आणि लाकडाच्या रंगावरून.

हे काम होतं कसं ते समजलं की दुरुस्तीही समजते. कातारी लेथवर फिरणाऱ्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबतो. घर्षणानं लाख वितळते आणि थर बसतो, मग केवड्याच्या पानानं घोटून चकाकी आणतो. म्हणजे थर उष्णतेनं बसलेला आहे आणि उष्णतेनंच उठतो. लाख पाऊणशे अंशांच्या आसपास वितळते, पण त्याच्या बरीच आधी मऊ पडते. एप्रिलच्या दुपारी उन्हात उभ्या केलेल्या गाडीत वर्तमानपत्रात गुंडाळलेली बोळकी ठेवली की छापलेली अक्षरं त्यांवर उलटी उमटतात, हवेच्या बुडबुड्यांचं प्लॅस्टिक गुंडाळलं तर गोल गोल ठसे. धुतलेल्या जुन्या सुती साडीचे तुकडे हेच उत्तम गुंडाळण. पावसाळ्यात लाखेवर पांढुरकी झाक आली तर घाबरू नये, चोळूही नये. अश्विनातल्या कोरड्या हवेत बहुतेक वेळा ती आपोआप जाते.

टवका उडाला असेल तर चपडा लाखेत रंगाची पूड मिसळून केलेली कांडी घ्यावी, बोथट सुई गरम करून कांडीला टेकवावी आणि थेंब टवक्यात सोडावा. थेंब पृष्ठभागाच्या किंचित वर राहू द्यावा. गार झाल्यावर पात्यानं आडवं तासून पातळीला आणावं. रंगाची छटा नेमकी जमली नाही तर एक पायरी फिकट ठेवावी, गडद डाग नजरेला टोचतो. लाटणं किंवा मुसळ पार मोडलंच असेल, आणि त्यावाचून संच पुरा होणार नसेल, तर सावंतवाडीच्या चितार आळीत त्याच जातीच्या लाकडाचं नवीन कातून घ्यावं. पांगारा हे तिथलं नेहमीचं हलकं लाकूड. सावंतवाडीचे शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी गंजिफा (हातानं रंगवलेले पत्ते) आणि लाखकाम पुन्हा उभं केलं नसतं तर ही सोयच राहिली नसती. नवीन तुकड्याच्या तळाला साल लिहायला विसरू नये.

आता एक सावधगिरीची गोष्ट, जिच्यात तडजोड नाही. जुन्या खेळण्यांच्या रंगांत शेंदूर असतो, तो शिशाचा ऑक्साइड. हिंगूळ असतो, तो पाऱ्याचा. हरताळ असतो, तो सोमलाचा. तेलरंगांतही शिसं भरपूर असायचं. घरगुती रंगातल्या शिशाला आपल्याकडे ९० पीपीएमची (दहा लाखांत नव्वद भाग) मर्यादा घातली गेली ती २०१६ च्या नियमांनी. म्हणून जुन्या रंगावर कोरडा पॉलिश पेपर कधीच घासू नये. त्याची धूळ दिसत नाही पण घरभर बसते. रंग काढायची वेळ आलीच, आणि ती फार क्वचित येते, तर जागा ओली ठेवून, एन-९५ मास्क लावून, खाली ओलं फडकं घालून काम करावं आणि ते फडकं टाकून द्यावं. नातवंडांना खेळायला द्यायची भातुकली वेगळी ठेवावी, नवी घ्यावी. संग्रहातली बोळकी तोंडात घालायच्या वयाच्या मुलांच्या हाती देऊ नये, प्रेम कितीही असलं तरी.

दारं आणि बिजागऱ्या. आषाढात दार अडतं म्हणून रंधा मारला की वैशाखात बोटभर फट दिसते. सुतारकाम जानेवारीनंतर काढावं, आणि तेव्हाही दार अडत असेल तरच तासावं. गंजलेली चूक पक्कडीनं ओढली तर डोकं तुटतं किंवा लाकूड चिरतं. सोल्डरिंगच्या इस्त्रीचं टोक चुकेच्या डोक्यावर दहा-पंधरा सेकंद टेकवावं. लोखंड प्रसरण पावतं, गंजाची पकड सुटते, गार झालं की चूक मुकाट्यानं येते. जवळ लाख किंवा रंग असेल तर हा उपाय नको. सागात लोखंडाभोवती काळी वलयं येतात, ती जात नाहीत, घासून खड्डे पाडू नयेत. नवीन चूक पितळेची मारावी. सांधे सुटले असतील तर सुताराचा सरस वापरावा. रात्रभर पाण्यात भिजवून, पाण्याच्या भांड्यात ठेवून साठ अंशांपर्यंत गरम करायचा, उकळू द्यायचा नाही, उकळला की त्याची ताकद जाते. सरसाचा मोठा गुण असा की पन्नास वर्षांनी दुसऱ्या कुणाला तो सांधा सोडवायचा झाला तर कोमट पाण्यानं सुटतो. फेव्हिक्विकनं जोडलेला पाळणा सोडवायला ॲसिटोन लागतो, आणि ॲसिटोन रंगही घेऊन जातो.

पितळेबद्दल थोडक्यात. चिंचेनं घासलेला बंब लखलखतो, पण आम्लानं वरचं जस्त आधी जातं आणि मागे तांबूस डाग राहतात. खडूची बारीक पूड डिस्टिल्ड वॉटरमध्ये कालवून मऊ सुती फडक्यानं पुसावं, कोनाकोपऱ्यातला काळेपणा राहू द्यावा, नक्षी त्यानंच दिसते. कल्हईवाल्याकडे मात्र छोटी भांडी देऊ नयेत. कथील २३२ अंशांना वितळतं, आणि भातुकलीच्या बंबाचे सांधे पुष्कळदा शिसं-कथलाच्या डाखेनं जोडलेले असतात. ती डाख १८३ अंशांपासूनच मऊ व्हायला लागते. कल्हई बसायच्या आधी तोटी गळून निखाऱ्यात पडते.

मातीची भांडी जोडायला ‘पॅरालॉइड बी-७२’ हा ॲक्रिलिक राळेचा प्रकार चांगला. ॲसिटोनमध्ये पाच टक्के विरघळवून आधी फुटलेल्या कडांना प्यायला द्यावा, वाळू द्यावा, मग घट्ट द्रावणानं जोडावं आणि तुकडा वाळूच्या डब्यात तोलून उभा करावा. पहिला हात दिला नाही तर सच्छिद्र माती सगळा गोंद शोषून घेते आणि सांधा भुकेला राहतो. दिवाळीच्या किल्ल्यावरची मातीची चित्रं कच्च्या मातीची असतील तर त्यांना पाणी दाखवायचंच नाही.

बाहुल्यांत कचकड्याची (सेल्युलॉइडची) बाहुली सगळ्यांत नाजूक. तिला कापराचा मंद वास येतो तोवर ठीक. वास आंबट, नाकाला झोंबणारा झाला, अंगावर चिकट घाम आला, जवळच्या पितळेवर हिरवं चढलं, की ती आतून कुजायला लागली आहे असं समजावं. तिची वाफ शेजारच्या कागदाला आणि धातूला खाते. तिला लगेच वेगळी काढून भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवावी, हवाबंद डब्यात कधीच नको. ती फार लवकर पेट घेते. गौरीपुढे भातुकली मांडायची आपली सुंदर रीत आहे, पण कचकड्याची बाहुली निरांजनाजवळ नको. गोंड्याफुलांचं पाणीही पाटांवर टपकू देऊ नये. बाहुलीच्या अंगावरचं खणाचं परकर-पोलकं किंवा इरकलीचा तुकडा धुवायला घेऊ नये. जुनं रेशीम पाण्यात सुटतं, लाल रंग फुटतो. जाळी अंथरून वरून धूळ ओढून घेतली की पुरे.

भाद्रपदात, हवा अजून ओली असताना, गौरीपुढची ही मांडणी होते. म्हणून बाहेर राहायचे दिवस मोजके ठेवावे आणि आत टाकण्याआधी एक रात्र पंख्याखाली, वाऱ्याचा झोत अंगावर येणार नाही असं ठेवावं. एरवी पावसाळाभर झाकण घट्ट बसणाऱ्या पेटीत सिलिका जेल. एका घनफुटाला अर्धा किलो तरी हवं, औषधाच्या बाटलीतल्या दोन पुड्यांनी काही होत नाही. आत छोटं आर्द्रतामापक ठेवावं आणि काटा ४५ ते ६० टक्क्यांच्या मधे राखावा. पंचेचाळीसच्या खाली उतरायला लागला की थोडं जेल काढून घ्यावं. अति कोरडेपणानं फळ्या तडकतात, बुरशीइतकंच तेही नुकसान. रंग बदललेलं जेल ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास ठेवलं की पुन्हा कामाला येतं. ज्या ओव्हनमध्ये केक होतो त्यात निळं जेल तापवू नये, त्यात कोबाल्ट असतं. नारिंगी घ्यावं. पेटी बाहेरच्या भिंतीला टेकवू नये आणि थेट फरशीवर ठेवू नये, चार बोटं अंतर दोन्हीकडून.

प्रत्येक वस्तूची नोंद ही दुरुस्तीइतकीच गरजेची, आणि बहुतेक संग्रहांत तिचाच अभाव असतो. काम सुरू करण्याआधी चारी बाजूंनी आणि तळाचा फोटो, शेजारी पट्टी ठेवून. काय मोडलं होतं, काय लावलं, कुठला गोंद, किती टक्के, कुठल्या महिन्यात. शंभर मिलीत दोन ग्रॅम असं लिहावं, ‘थोडंसं’ लिहू नये. वस्तू ज्यांच्याकडून आली त्यांना विचारून घ्यावं, आज्जी हयात असतील तर त्यांनाच: यात काय शिजवायचा, बाहुलीचं लग्न कुणाच्या घरी लागायचं, हे घेतलं कुठल्या जत्रेत. त्या ज्या शब्दांत सांगतात त्याच शब्दांत, मराठीत असो की कन्नडमध्ये, तसंच उतरवावं. शाई आणि चिकटपट्टी नको. आम्लविरहित कागदावर २बी पेन्सिलीनं लिहून, सुती दोऱ्यानं वस्तूच्या मजबूत भागाला सैल बांधावं, आणि त्याची दुसरी प्रत वहीत.